फळा कोणीं पुसावा ?

गणिताचा तास संपला, गुरुजी वर्गाबाहेर पडले, आणि पुढील तासाच्या शिक्षकांकरितां वर्गनायकानें तत्परतेनें फळा स्वच्छ पुसून टाकला. इतक्यांत मागील बांकावरून आरोळी आली, "अरे, पुसलास काय ? माझें अर्धें उदाहरण उतरावयाचें राहिलें होतें !" हा प्रसंग ज्यानें एकदांही अनुभवला नाहीं असा विद्यार्थी विरळा. वर्गनायकाचा हेतु शुद्ध होता व कामही चोख होतें. चूक एवढीच कीं, फळ्यावरील मजकूर कोणास अद्याप हवा आहे काय, याची चौकशी न करतां त्यानें तो निरुपयोगी ठरविला. उलटपक्षीं, 'कोणास तरी लागेल' या भीतीनें फळा कधींच पुसला नाहीं, तर पुढील तास व्हावयाचा कसा ?

हाच साधा प्रश्न आज जगांतील असंख्य संगणकांपुढें क्षणोक्षणीं उभा राहतो, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीं साठांहून अधिक वर्षें खर्ची पडलीं आहेत. तो प्रश्न काय आहे, तो अवघड कां झाला, आणि आपल्या ठाण्याच्या शेजारीं पवई येथें त्यांत कोणती भर पडली, हें विद्यार्थिवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

संगणकाची स्मृति ही एखाद्या मोठ्या फळ्यासारखी आहे. तिची लांबीरुंदी ठरलेली असते. आतां पुष्कळ शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या पायथनसारख्या भाषेंत लिहिलेला प्रोग्राम संगणकास थेट समजत नाहीं; मध्यें एक दुभाषा लागतो. त्यासच इंटरप्रीटर म्हणतात. तो प्रोग्रामांतील आज्ञा एकामागून एक घेतो व त्याबरहुकूम काम करवितो. हें काम करीत असतां नांवें, संख्या, याद्या अशा नाना वस्तु त्यास फळ्यावर मांडाव्या लागतात. प्रत्येक वस्तूसाठीं तो एक चौकट आंखतो, असें समजूं. एका चौकटीस दुसरीची गरज असेल तर तो पहिलींतून दुसरीकडे बाण काढतो. 'इयत्ता आठवी' या चौकटींतून चाळीस विद्यार्थ्यांच्या चौकटींकडे बाण जातील, व प्रत्येक विद्यार्थ्याच्या चौकटींतून त्याच्या गुणांच्या यादीकडे एक बाण जाईल. काम पुढें सरकतें तसतशा कित्येक चौकटी निकामी होतात. त्या पुसून जागा मोकळी करणें, या कामास संगणकशास्त्रांत 'गार्बेज कलेक्शन', म्हणजे केर गोळा करणें, असें रोखठोक नांव आहे. सी सारख्या भाषेंत हें काम प्रोग्राम लिहिणाऱ्यानें स्वतः करावयाचें असतें. पायथनसारख्या भाषांत तें दुभाष्यानें आपल्या शिरावर घेतलेलें असतें.

या कामांत दोन प्रकारच्या चुका संभवतात, आणि त्या सारख्या योग्यतेच्या नाहींत. केर पुसावयाचा राहिला तर जागा अडते व काम मंदावतें. परंतु हवी असलेली चौकट पुसली गेली, तर त्या जागीं उद्यां दुसराच मजकूर लिहिला जातो, आणि एका विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेंत दुसऱ्याचे गुण दिसूं लागतात. पहिली चूक खर्चाची आहे, दुसरी सत्याची. म्हणून या शास्त्राचा आद्य नियम असा कीं, शंका असेल तर पुसूं नये.

मग केर ओळखावा कसा ? १९६० सालीं अमेरिकेंतील जॉन मॅकार्थी यांनीं आपल्या लिस्प नामक भाषेवरील निबंधांत याचें एक सुंदर उत्तर दिलें. काम करणाऱ्याच्या हातांत एक चिठ्ठी असते, व तिच्यावर तो ज्या चौकटींस थेट ओळखतो त्यांचीं नांवें असतात. जागा संपत आली म्हणजे काम थांबवावें, चिठ्ठीवरील चौकटींपासून निघावें, बाणांमागून बाण चालत जावें, आणि जी जी चौकट वाटेंत लागेल तिच्यावर खूण करावी. सर्व वाटा संपल्या कीं, जिच्यावर खूण नाहीं ती चौकट पुसावी. कारण जेथें कोणत्याही वाटेनें पोहोंचतां येत नाहीं, तिचा उपयोग प्रोग्राम यापुढें करूंच शकणार नाहीं. 'ही हवी कीं नको ?' या अवघड प्रश्नाऐवजीं 'हिच्याकडे वाट आहे कीं नाहीं ?' हा सोपा प्रश्न मॅकार्थी यांनीं विचारला, हेंच त्यांचें चातुर्य.

या युक्तींतील उणीव मॅकार्थी यांच्याच एका फजितीवरून चांगली ध्यानांत येते. लिस्पचें एक प्रात्यक्षिक ते पाहुण्यांना दाखवीत होते. सर्व सुरळीत चाललें असतां यंत्र एकाएकीं सेकंदास दहा अक्षरें या वेगानें टंकूं लागलें कीं, केर काढणाऱ्यास पाचारण झालें आहे व त्यासंबंधीचे मनोरंजक आंकडे पुढीलप्रमाणें आहेत ! केर काढणारा म्हणून कोणी आहे, याची पाहुण्यांस दादही नव्हती. त्या लांबलचक टांचणांतच उरलेली वेळ संपणार हें दिसूं लागलें, आणि व्याख्याते व श्रोते दोघेही हसून बेजार झाले. तात्पर्य, फळा पुसला जाईपर्यंत साऱ्या वर्गानें हात जोडून बसावें लागतें.

त्याच १९६० सालीं जॉर्ज कॉलिन्स यांनीं दुसरी युक्ति सुचविली. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यांत, आपल्याकडे किती बाण येतात ही संख्या लिहावी. बाण वाढला कीं एक मिळवावा, पुसला कीं एक वजा करावा, आणि संख्या शून्य होतांच चौकट तेव्हांच पुसून टाकावी. म्हणजे कोणास खोळंबून राहावयास नको. पायथननें मुख्यतः हाच मार्ग पत्करला. त्यांत एक वैगुण्य आहे. दोन चौकटी एकमेकींकडेच बाण करून बसल्या, तर जगांत त्यांस कोणी विचारीत नसतांही त्यांची संख्या शून्य होत नाहीं. दोन मित्रांनीं एकमेकांस जामीन राहावें, तसा हा प्रकार ! असा चक्राकार केर शोधणारी निराळी व्यवस्था पायथनमध्यें २००० सालीं आली.

येथपर्यंत फळ्यापाशीं एकच विद्यार्थी काम करीत होता. आतां खरी अडचण पाहूं. पूर्वीं साध्या संगणकास मेंदु एकच असे. आज खिशांतील मोबाइलमध्येंही चार-आठ असतात. त्या सर्वांस काम मिळावें म्हणून प्रोग्रामाचे अनेक धागे करितात, व ते एकाच वेळीं चालतात. म्हणजे एकाच फळ्यावर आतां आठ विद्यार्थी एकदम लिहीत आहेत. एका चौकटीची संख्या २ आहे. दोन विद्यार्थी तिच्याकडे एकेक नवा बाण काढतात. दोघेही एकाच क्षणीं '२' वाचतात, दोघेही मनांत एक मिळवितात, आणि दोघेही '३' लिहितात. खरे बाण चार, नोंद तीनाची ! पुढें केव्हां तरी त्यांपैकीं तीन बाण पुसले जातात, नोंद शून्यावर येते, व चौकट नाहींशी होते. चौथा बाण मात्र तिच्याकडे अद्याप बोट दाखवीत असतो. दोघांपैकीं कोणीही आळशी वा खोटा नव्हता. तरीही सत्य बिघडलें.

यावर पायथननें जो तोडगा काढला तो आगगाडीच्या शहरांत राहणाऱ्या वाचकांस चटकन् समजेल. एकेरी लोहमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊं नयेत म्हणून पूर्वींपासून टोकनाची पद्धत आहे. ज्या चालकाच्या हातीं टोकन असेल त्यानेंच त्या टप्प्यांत शिरावें. पायथनच्या दुभाष्यानेंही असें एकच टोकन ठेविलें. त्यास 'ग्लोबल इंटरप्रीटर लॉक' असें नांव आहे. टोकन ज्याच्या हातीं तोच धागा आज्ञा चालविणार, बाकीचे थांबणार. नोंदी बिघडण्याचें भय गेलें. परंतु ठाणें व दिवा यांच्या दरम्यान पांचवी व सहावी मार्गिका २०२२ च्या फेब्रुवारींत सुरू झाली, तेव्हां साऱ्या सहा मार्गिकांस मिळून एकच टोकन ठेविलें असतें, तर नव्या रुळांचा काय उपयोग झाला असता ? आठ मेंदूंच्या संगणकावर पायथनची कित्येक वर्षें हीच गत होती.

तें टोकन काढून टाकण्याची सुसंगत योजना सॅम ग्रॉस यांनीं मांडली व २०२३ सालीं ती स्वीकारली गेली. तींतील एक कल्पना मोठी मार्मिक आहे. ज्या धाग्यानें चौकट आंखली तोच बहुधा तिला हाताळीत असतो. म्हणून प्रत्येक चौकटीस दोन रकाने द्यावे, एक मालकाचा व एक इतरांचा. मालकानें आपल्या रकान्यांत निर्वेधपणें लिहावें. इतरांनीं दुसऱ्या रकान्यांत लिहावें, पण वाचणें, मिळविणें व लिहिणें हीं तिन्ही कामें मध्यें कोणास शिरूं न देतां एका दमांत करावीं. नेहमींचें काम स्वस्त झालें व क्वचित् प्रसंगाचें थोडें महाग. २०२४ च्या ऑक्टोबरांत पायथनच्या ३.१३ व्या आवृत्तींत ही रचना प्रयोगादाखल आली, व २०२५ च्या ऑक्टोबरांत ३.१४ व्या आवृत्तींत तिला अधिकृत पाठिंबा मिळाला. मात्र ती अद्याप ऐच्छिकच ठेविलेली आहे. एकट्या धाग्याचें काम तिच्यामुळें सुमारें ५ ते १० टक्के मंदावतें. स्वातंत्र्याचें मोल द्यावेंच लागतें !

आतां खुणा करीत जाण्याच्या पद्धतीकडे वळूं. आठ विद्यार्थी लिहीत असतां वर्गनायकानें खुणा कशा कराव्या ? सर्वांत सरळ उपाय म्हणजे सर्वांनीं थांबावें. कल्याण-डोंबिवलीकरांस रविवारचा मेगाब्लॉक ठाऊक आहे, हा तसाच. परंतु गाडी वाटेल तेथें उभी करून भागत नाहीं, ती स्थानकांत यावी लागते. दुभाषा एखादी आज्ञा अर्धीमुर्धी पार पाडीत असतां त्याच्या हातांत असा मजकूर असतो कीं, तो फळ्यावर आंखला आहे, पण त्याच्याकडे बाण काढावयाचा आहे व चिठ्ठीवरही त्याची नोंद नाहीं. त्याच क्षणीं खुणा सुरू केल्या तर ती नवी चौकट केर ठरेल. म्हणून थांबण्याची जागा ठरविली पाहिजे. दुभाष्याचें सुदैव असें कीं, प्रत्येक आज्ञा संपली म्हणजे त्याचे हात आपोआप मोकळे होतात. दोन आज्ञांमधील संधि हेंच त्याचें स्थानक. तेथें त्यानें सिग्नल पाहावा व लाल असल्यास उभें राहावें.

यांत दोन पथ्यें आहेत. एखादा धागा लांबलचक आवर्तनांत गुंतला असेल तर त्यानें प्रत्येक फेरीस सिग्नल पाहिला पाहिजे; नाहीं तर एक गाडी स्थानकांत येईना म्हणून इतर सात उगाच तिष्ठत राहतील. खोळंबा किती लांबेल हें सर्वांत शेवटीं थांबणारा ठरवीत असतो. दुसरें असें कीं, एखादा धागा बाहेरून यावयाच्या मजकुराची वाट पाहत स्वस्थ बसला असेल, तर तो कळव्याच्या कारशेडमध्यें उभ्या असलेल्या गाडीसारखा होय. त्यास मुद्दाम थांबविण्याचें कारण नाहीं. मात्र शेडबाहेर पडण्यापूर्वीं त्यानें सिग्नल पाहिलाच पाहिजे.

पण प्रवाशांस मेगाब्लॉक नको असतो. खेळाचें चित्र मध्येंच अडखळावें, टंकलेलें अक्षर क्षणभर उमटूं नये, हें कोणास आवडेल ? मग काम चालूं असतांच खुणा करतां येतील काय ? १९७८ सालीं एड्सगर डाइक्स्ट्रा, लेस्ली लॅम्पोर्ट व त्यांचे तीन सहकारी यांनीं या प्रश्नाचा विचार प्रसिद्ध केला. त्यांनीं चौकटींचे तीन वर्ग केले. जिच्यापर्यंत वर्गनायक अद्याप आलाच नाहीं ती पांढरी. जी त्यानें पाहिली, पण जिचे बाण तपासावयाचे राहिले आहेत, ती करडी. जिचे सर्व बाण तपासून झाले ती काळी. करडी एकही उरली नाहीं म्हणजे खुणा संपल्या, व ज्या पांढऱ्या उरल्या त्या केर.

आतां धोका कोठें आहे पाहा. 'क' ही चौकट काळी झाली आहे. 'ख' करडी आहे, व तिच्यांतून 'ग' या पांढऱ्या चौकटीकडे बाण आहे. वर्गनायक 'ख' कडे वळणार, इतक्यांत एक विद्यार्थी 'क' मधून 'ग' कडे नवा बाण काढतो व 'ख' मधील जुना बाण पुसतो. वर्गनायक 'ख' पाशीं येतो, त्याला बाण दिसत नाहीं. 'क' कडे तो पुन्हा जात नाहीं, कारण ती तपासून झाली आहे. 'ग' पांढरीच राहते आणि पुसली जाते. विद्यार्थ्यास ती हवी होती, तिच्याकडे वाटही होती; पण पाहणाऱ्याची पाठ फिरली असतां ती वाट बदलली.

उपाय एका ओळीचा आहे. जो कोणी नवा बाण काढील त्यानें, बाण जेथें पोहोंचतो ती चौकट पांढरी असल्यास, स्वतः करडी करावी. म्हणजे वर्गनायकास ती चुकणार नाहीं. पुसण्याचें काम एकट्या पुसणाऱ्याचें नाहीं, लिहिणाऱ्यानेंही त्याचा अल्पसा भार उचलावा, असा याचा अर्थ. त्या पांच जणांनीं आपल्या निबंधास 'सहकार्याचा एक पाठ' अशा अर्थाचें उपशीर्षक दिलें होतें, तें किती यथार्थ आहे ! एखादी चौकट करडी झाल्यावर लगेच निकामी झाली, तर ती या फेरींत पुसली जात नाहीं, पुढच्या फेरीस जाते. थोडी जागा वाया गेली तरी चालेल, सत्य बिघडतां कामा नये, हा आद्य नियम येथेंही पाळलेला दिसतो.

बाण आधीं काढावा कीं रंग आधीं द्यावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु खुद्द या थोर लेखकांच्या पूर्वींच्या मसुद्यांत चूक राहिली होती, व ती इतरांनीं दाखवून दिली. प्रोग्राम लिहूं लागलेल्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. एका धाग्याच्या कामांतील चूक बहुधा दर वेळीं दिसते. अनेक धाग्यांतील चूक हजारांत एकदां दिसते, तीही परीक्षकांसमोर ! 'मीं दहा वेळां चालवून पाहिला, उत्तर बरोबर आलें,' हें येथें प्रमाण नव्हे. कोणाचें पाऊल कोणत्या दोन पावलांमध्यें पडूं शकेल, हें कागदावर सर्व बाजूंनीं तपासून सिद्ध करावें लागतें. भूमितीचा सिद्धांत शिकतांना 'याचा पुढें उपयोग काय ?' असें विचारणाऱ्यांस याहून चांगलें उत्तर नाहीं.

आणखी एक सोय सांगून ठेवितों. बहुतेक चौकटी अल्पायुषी असतात. बेरीज करतांना हातचा लिहावा व पुसावा, तशा. म्हणून प्रत्येक धाग्यास एकेक पाटी द्यावी. कच्चें काम त्यानें पाटीवर करावें, व जें टिकावयाचें असेल तेंच फळ्यावर उतरावें. पाटी वारंवार व झटपट पुसतां येते, आणि जागेकरितां शेजाऱ्याशीं भांडण होत नाहीं. मात्र फळ्यावरील चौकटींतून पाटीवरील चौकटीकडे बाण गेला असेल, तर त्याची नोंद ठेविली पाहिजे. नाहीं तर पाटी पुसतांना पुन्हा तीच मागल्या बांकावरील आरोळी ऐकूं येईल.

आतां पवईकडे वळूं. मॅकार्थी यांनीं अवघड प्रश्न टाळून सोपा विचारला, हें वर आलेंच आहे. परंतु जिच्याकडे वाट आहे ती प्रत्येक चौकट खरोखर हवी असते काय ? निकाल लागून वर्ष लोटलें, तरी 'इयत्ता आठवी' या चौकटींतून जुन्या उत्तरपत्रिकांकडे बाण आहेतच. कोणी त्या पुन्हा पाहणार नाहीं, पण वाट आहे म्हणून त्या पुसल्याही जात नाहींत. १९५८ सालीं स्थापन झालेल्या पवईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल व अमेय करकरे यांनीं या विषयावरील निबंध २००७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रोग्राम चालविण्यापूर्वींच तो बारकाईनें वाचावा, आणि अमुक आज्ञेनंतर अमुक बाणानें कोणी जाणार नाहीं असें ठरवितां आलें, तर तेथें तो बाण पुसण्याची आज्ञा घालावी. मग नेहमींचा केर काढणारा ती चौकट आपण होऊन नेईल. यांतही त्यांनीं दक्षता सोडली नाहीं. बाण पुसावयास ज्या वाटेनें जावें लागतें ती वाट तेथें नक्की अस्तित्वांत आहे काय, हेंही ते आधीं तपासतात. नाहीं तर स्वच्छता करावयास जावें व आपणच खड्ड्यांत पडावें. पुढें २०१४ सालीं सन्याल व करकरे यांनीं आणखी दोन सहकाऱ्यांसह असा केर काढणारा मांडला, कीं जो केवळ वाट पाहून न थांबतां, त्या वाटेनें पुढें कोणी जाणार आहे काय, याचाही विचार करितो. साठ वर्षांपूर्वीं बाजूस ठेविलेला अवघड प्रश्न आपल्या शेजारच्या संस्थेनें पुन्हा हातीं घेतला, ही आपणांस अभिमानास्पद गोष्ट होय.

असो. फळा कोणीं पुसावा, या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. पुसणारा एकच असला तरी चालेल. पण लिहिणाऱ्या प्रत्येकानें आपली चिठ्ठी खरी ठेविली पाहिजे, ठरलेल्या स्थानकीं सिग्नल पाहिला पाहिजे, व नवा बाण काढतांना पुसणाऱ्यास तशी खूण दिली पाहिजे. पुसणाऱ्यानेंही, ज्याविषयीं खात्री नाहीं त्यास हात लावूं नये. एकाच फळ्यावर आठ जणांनीं लिहावें आणि कोणाचेंही अर्धें उदाहरण पुसलें जाऊं नये, हें एवढ्या शिस्तीनें साधतें. उद्यां आपल्या वर्गाचा फळा पुसावयास जो उठेल, त्यानें हातीं डस्टर घेण्यापूर्वीं एकदां मागें वळून मागील बांकाकडे पाहावें, इतकीच विनंति.